सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या : पाण्याचा हिशेब ठेवणारे महापुरुष

आपल्या मेळघाटांत पाण्याची किंमत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. पावसाळ्यांत तापी व सिपना दुथडी भरून वाहतात, ओढ्यानाल्यांनीं धारणीच्या वाटा अडतात. आणि तेंच पाणी वैशाखांत शोधीत हिंडावें लागतें. डोंगरावरील कोरकू खेड्यांतील माताभगिनी डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात व चढतात, हें दृश्य आपल्यापैकीं पुष्कळ मुलांनीं घरींच पाहिलेलें आहे. पाणी या जगांत आहे. परंतु तें जेथें पाहिजे तेथें, जेव्हां पाहिजे तेव्हां आणि जितकें पाहिजे तितकें मिळत नाहीं. हीं तीन कोडीं सोडविण्यांत ज्यांनीं आपलें दीर्घ आयुष्य वेंचिलें, त्या सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें चरित्र यंदाच्या अंकांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. त्यांचें नांव म्हैसूरच्या थोर धरणाशीं जोडलें गेलें असलें, तरी त्यांच्या कर्तृत्वाचा आरंभ आपल्या महाराष्ट्रांतच, आणि तोही आपल्याच तापीच्या खोऱ्यांत झाला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यांत १८६० च्या सुमारास झाला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आज आपल्या देशांत अभियंता दिन म्हणून पाळला जातो. मोक्षगुंडम् हें त्यांच्या पूर्वजांच्या, आंध्र प्रांतांतील, गांवाचें नांव होय. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृताचे विद्वान् होते. परंतु घरांत विद्येइतकें धन नव्हतें. मुलगा लहान असतांनाच वडिलांचें छत्र हरपलें. पुढील शिक्षणासाठीं तो बंगळूरास गेला, आणि तेथें दुसऱ्यांच्या मुलांस शिकवून त्या मिळकतीवर आपलें शिक्षण त्यानें पुरें केलें. १८८१ सालीं सेंट्रल कॉलेजांतून ते बी. ए. झाले. दिवसा स्वतः शिकणें आणि उरल्या वेळांत इतरांस शिकविणें, असा हा क्रम कित्येक वर्षें चालला होता. घरची गरिबी ही विद्येच्या आड येतेच असें समजणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळून ते पुणें येथील सायन्स कॉलेजांत स्थापत्यशास्त्र शिकण्यास आले. १८८३ सालच्या परीक्षेंत मुंबई इलाख्यांत त्यांचा पहिला क्रमांक आला व जेम्स बर्क्ली यांच्या नांवाचें पारितोषिक त्यांस मिळालें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८४ सालीं, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत साहाय्यक इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि नाशकाकडून त्यांची रवानगी खानदेशांत धुळ्यास झाली.

धुळ्याजवळून वाहणारी पांझरा ही पुढें तापीस मिळते. या पांझरेच्या खोऱ्यांत फार जुन्या काळापासून शेतकरी नदीवर लहान लहान बंधारे घालून पाटांनीं शेतें भिजवीत आले आहेत; गांवच्या जमिनीचे फड पाडून पाण्याची पाळी ठरवावयाची, ही तेथील पद्धति प्रसिद्ध आहे. अशा या प्रदेशांत, साक्री तालुक्यांतील दातर्ती येथें, पाटाच्या पाण्यासाठीं नळांचा सायफन बांधण्याचें काम या तरुण इंजिनिअरकडे आलें. पावसाळा सुरू झाला होता. पुराबरोबर येणारी वाळू खणलेल्या जागेंत पुनःपुन्हा भरूं लागली. पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावें, असें विश्वेश्वरय्यांनीं वरिष्ठांस लिहिलें. वरिष्ठांना तें रुचलें नाहीं. नुकत्याच नोकरीस लागलेल्या मनुष्यानें अडचणी सांगाव्या हें त्यांस शिस्तीस सोडून वाटलें. तेव्हां विश्वेश्वरय्यांनीं वाद वाढविला नाहीं, रुसवाही धरिला नाहीं. चिखलांत व वाळूंत उभे राहून तें काम त्यांनीं पुरें करून दाखविलें, आणि त्याच वरिष्ठांची प्रशंसा मिळविली. अडचण खरी असेल तर ती स्पष्ट सांगावी, आणि सांगूनही काम अंगावर आलें तर तें जीव लावून करावें, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगीं असूं शकतात, हें या प्रसंगावरून दिसून येतें.

सायफन म्हणजे काय, हें येथें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण त्यावांचून या कामांतील कौशल्य वाचकांच्या लक्षांत येणार नाहीं. पाट वाहत येतो व वाटेंत ओढा आडवा येतो. पाट ओढ्यांत सोडला तर पाणी वाहून जाईल. वरून पूल बांधावा तर खर्च फार व पुराचें भय. म्हणून पाटाचें पाणी नळांत घालून तो नळ ओढ्याच्या तळाखालून नेतात. पाणी एका तीरास खालीं उतरतें व दुसऱ्या तीरास आपोआप वर चढतें. जत्रेंत मिळणाऱ्या पारदर्शक नळीचा झोपाळ्यासारखा बांक करून तींत पाणी ओतलें, म्हणजे दोन्ही बाजूंस पाणी एकाच पातळीवर येतें, तोच हा न्याय. मात्र पाणी नुसतें उभें न राहतां वाहावें असें वाटत असेल, तर पलीकडचें तोंड अलीकडच्या तोंडापेक्षां थोडें खालीं ठेवावें लागतें. पातळीचा हा फरक नळाच्या आंतील घर्षणावर खर्च होतो.

आतां नळ किती रुंद घ्यावा? सामान्य मनुष्यास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु सारें यश याच उत्तरावर अवलंबून असतें. नळ अरुंद घेतला तर पाणी त्यांतून पुरेसें जात नाहीं, पाट मागें तुंबतो, कांठ फुटतो, आणि पलीकडच्या शेतकऱ्याचें पीक वाळतें. नळ फारच रुंद घेतला तर पैसा व्यर्थ जातो. शिवाय पाण्याचा वेग मंद होऊन गाळ तळाशीं बसतो व कांहीं वर्षांनीं तो रुंद नळही अरुंदच होतो. म्हणून पाणी किती न्यावयाचें, पातळींत फरक किती मिळतो आणि नळ किती लांब आहे, या तीन गोष्टी मोजून मगच व्यास ठरवावा लागतो.

आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं यांतील एक चमत्कार सांगतों. एक फूट व्यासाचा नळ आणि दोन फूट व्यासाचा नळ घ्या. दुसऱ्याचें तोंड पहिल्याच्या चौपट मोठें आहे, हें भूमिति शिकलेला कोणीही मुलगा सांगेल. परंतु लांबी व उतार सारखे असतां दुसऱ्या नळांतून पाणी चौपट नव्हे, सुमारें साडेपांचपट जातें! याचें कारण असें कीं, पाणी नळाच्या भिंतीस घांसून मागें ओढलें जातें. मोठ्या नळांत पाण्याच्या मानानें भिंत थोडी असते. एक फूट व्यासाचे चार नळ शेजारीं शेजारीं मांडले तर त्यांच्या तोंडांची बेरीज त्या एका मोठ्या नळाएवढीच भरते. पण भिंत दुप्पट होते, आणि पाणी मोठ्या नळाच्या सातदशांशाएवढेंच पोंचतें. फ्रान्समधील दिझाँ शहरास पाणी आणणारे आंरी दार्सी यांनीं निरनिराळ्या नळांवर प्रयोग करून या विषयाचे निष्कर्ष १८५७ सालीं प्रसिद्ध केले होते. विश्वेश्वरय्या पुण्यास शिकत होते, तेव्हां या शास्त्राचा पाया असा नुकताच पक्का झाला होता.

हाच हिशेब थंड देशांत घरोघरीं उपयोगी पडतो. आपल्याकडे चिखलदऱ्याच्या थंडींत एक घोंगडी व एक शेगडी पुरते. परंतु नॉर्वे, स्कॉटलंड अशा देशांत हिंवाळाभर घर ऊबदार राखावें लागतें. तेथें एका जागीं पाणी तापवून तें नळांनीं प्रत्येक खोलींत फिरवितात. खोलींतील लोखंडी पत्र्यांच्या पेटाऱ्यांतून जातांना तें आपली उष्णता हवेस देतें व निवून परत येतें. समजा, एका घराच्या भिंती, छप्पर व खिडक्या यांतून दर सेकंदास १० किलोज्यूल, म्हणजे १० किलोवॅट, उष्णता बाहेर जाते. पाणी ७० अंशांवर निघून ५० अंशांवर परत येत असेल, तर प्रत्येक लिटर पाणी सुमारें ८४ किलोज्यूल उष्णता घरांत सोडतें. म्हणजे सेकंदास सुमारें ०.१२ लिटर, तासास जवळ जवळ ४३० लिटर पाणी फिरविलें पाहिजे. हें पाणी २० मिलिमीटर पोकळीच्या नळांतून नेलें तर त्याचा वेग सेकंदास सुमारें ३८ सेंटिमीटर होतो. १३ मिलिमीटरच्या नळांतून नेलें तर ९० सेंटिमीटर होतो, आणि घर्षण मात्र सुमारें साडेआठपट वाढतें. सात मिलिमीटरांची काटकसर केली म्हणून पंपावर एवढा भार पडतो! म्हणून मुख्य नळ रुंद ठेवून, एकेका खोलीची शाखा फुटत जाईल तसतसा पुढचा नळ अरुंद करीत नेतात. मोठ्या कालव्यांतून पाट, पाटांतून चारी व चारींतून सरी निघावी, तसाच हा प्रकार.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पाणी हें नेहमीं सोपा मार्ग धरतें. तापविण्याच्या जागेजवळची खोली नळ मोकळा राहिल्यास सारें ऊन पाणी ओढून घेते, व टोंकाची खोली गारच राहते. म्हणून जवळच्या शाखांवरील तोट्या थोड्या आवळाव्या लागतात. कालव्यावरही हेंच घडतें. मुखाजवळचा शेतकरी रात्रंदिवस ऊंस भिजवितो, आणि शेवटच्या गांवास कोरडी चारी पाहत बसावें लागतें. गांवच्या नळावरही हेंच घडतें. टोंकाच्या घराचा विचार करणें हेंच या शास्त्राचें मर्म होय, आणि विश्वेश्वरय्यांच्या पुढील सर्व कार्यांत हें मर्म आम्हांस दिसून येतें.

१८९४ च्या सुमारास त्यांस सिंध प्रांतांतील सक्कर शहरीं पाठविण्यांत आलें. सिंधु नदी शहरास लागून वाहत होती. परंतु तिचें पाणी गढूळ, आणि नगरपालिकेजवळ तें गाळण्याची मोठी यंत्रणा उभारण्यास पैसा नव्हता. तेव्हां विश्वेश्वरय्यांनीं नदीच्या वाळूलाच गाळणी केलें. नदीच्या पात्रालगत विहीर खणून, वाळूंतून झिरपून स्वच्छ झालेलें पाणी तींत घ्यावयाचें, तें पंपानें टेकडीवरील टांकींत चढवावयाचें, आणि तेथून नळांनीं शहरास पुरवावयाचें, अशी ती योजना होती. १८९५ सालीं ती सिद्धीस गेली. ज्या काळीं पटकीच्या सांथीनें घरेंच्या घरें ओस पडत, त्या काळीं शुद्ध पाण्याचा नळ म्हणजे प्राणदानच होतें. पैसा नाहीं म्हणून काम नाहीं, असें न म्हणतां, जवळ असलेल्या वस्तूचा उपयोग कसा होईल हें त्यांनीं पाहिलें.

पुढें त्यांची बदली पुण्यास झाली. पुण्याजवळील खडकवासल्याच्या तलावांत पावसाळ्याचें पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई व उन्हाळ्यांत तुटवडा पडे. सांडव्याची भिंत उंच करावी तर जुन्या धरणावर पुराचा भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविण्याची युक्ति काढली. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतों दरवाजे मिटलेले राहत; त्याहून वर चढूं लागलें कीं वजनांच्या योजनेनें ते आपोआप उचलले जात, आणि पूर ओसरतांच पुन्हा खालीं बसत. मध्यरात्रीं पूर आला तरी चौकीदारास धांवत जावयास नको. या दरवाजांमुळें तलावांत सुमारें ८ फूट उंचीचें पाणी अधिक साठूं लागलें. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत हें काम झालें. या शोधाचें पेटंट त्यांच्या नांवें झालें. तथापि ज्या सरकारचे आपण नोकर, त्याच्याकडून त्याचा मोबदला घेणें त्यांस योग्य वाटलें नाहीं.

नीरेच्या कालव्यावर त्यांनीं टोंकाच्या शेतकऱ्याचा प्रश्न हातीं घेतला. कालव्याचें पाणी कांहीं थोड्या गांवांनींच उंसासाठीं वापरावें, हें त्यांना पटेना. प्रत्येक गांवीं कांहीं ठराविक जमिनीचे गट पाडून त्यांतच पाणी द्यावें, उंसाचें क्षेत्र मर्यादित ठेवावें, आणि पिकांची पाळी बदलीत जावें, अशी गटपद्धति त्यांनीं सुचविली. ज्यांस आजवर भरपूर पाणी मिळत आलें होतें, त्यांचा प्रथम विरोध झाला. परंतु शेतकऱ्यांशीं बोलून व समजूत घालून ही पद्धति अमलांत आली, आणि अनेक गांवांच्या वांट्यास पाणी आलें. पुढें १९०६ सालीं एडनच्या रखरखीत बंदरास पाणी कसें पुरवावें व तेथील सांडपाण्याची व्यवस्था कशी करावी, हें पाहण्यासही सरकारनें यांनाच पाठविलें.

सरकारी नोकरींतून लवकरच निवृत्त होऊन ते परदेशीं प्रवासास गेले असतां, सप्टेंबर १९०८ मध्यें हैदराबादेस मुसी नदीस भयंकर पूर आला व हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांस पाचारण केलें. शहराच्या वरच्या अंगास तलाव बांधून पुराचें पाणी अडवावें, असा सल्ला त्यांनीं दिला. उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन तलाव त्याच विचारांतून पुढें उभे राहिले. ज्या पाण्यानें शहर बुडविलें, तेंच पाणी साठवून शहराची तहान भागवावी, ही योजना किती दूरदर्शी होती!

१९०९ सालीं ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य इंजिनिअर झाले, व १९१२ पासून १९१८ पर्यंत दिवाणपदीं होते. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणास १९११ सालीं आरंभ झाला. तें चुना व विटांची भुकटी यांच्या सुरखीनें बांधलें गेलें, आणि त्यावरही आपोआप चालणारे दरवाजे बसविले गेले. मंड्याच्या कोरड्या मुलखांत त्यामुळें भात व ऊंस डोलूं लागले. म्हैसूरचें विद्यापीठ १९१६ सालीं स्थापन झालें, तें यांच्याच दिवाणगिरींत. संस्थानची बँक व भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना यांमागेंही त्यांचाच उद्योग होता. १९१५ सालीं त्यांस सर हा किताब, आणि स्वतंत्र भारतांत १९५५ सालीं भारतरत्न हा बहुमान मिळाला.

थोरांचें चरित्र सांगतांना केवळ स्तुतिपाठ गाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कृष्णराजसागराच्या पाण्याखालीं अनेक खेडीं गेलीं, आणि तेथील लोकांना बापजाद्यांची घरेंदारें सोडून जावें लागलें; एकाच्या शेतांत पाणी येतांना दुसऱ्याचें शेत पाण्यांत जातें, हा हिशेब कोणत्याही सूत्रांत सहज बसत नाहीं. तसेंच, मागासलेल्या समाजांस सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवण्याचा प्रश्न म्हैसुरांत निघाला, तेव्हां विश्वेश्वरय्यांचें मत त्याविरुद्ध पडलें, व अखेर १९१८ सालीं त्यांनीं दिवाणगिरी सोडली. केवळ गुण पाहूनच जागा द्यावी, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु ज्याच्या वाटेस शाळाच आली नाहीं, त्याचे गुण प्रकट व्हावे कसे? कालव्याच्या टोंकाशीं असलेल्या शेतकऱ्यासाठीं मुखाजवळची तोटी आवळणाऱ्या या पुरुषास, समाजाच्या टोंकाशीं बसलेल्या मुलासाठींही तसेंच करावें लागेल, हें मान्य झालें नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. आपल्या शाळेंतील ज्या मुलांच्या घरीं अक्षरओळख त्यांच्यापासूनच सुरू झाली, त्यांस या प्रश्नाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें नवें धरण फुटलें, आणि त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फोडून पुणें शहराची धूळधाण केली. विश्वेश्वरय्या त्या वेळीं हयात होते. ज्या तलावावर त्यांनीं तारुण्यांत आपलें सारें चातुर्य खर्चिलें, त्याची ही गति व्हावी, हा दैवदुर्विलास होय. धरण असो कीं नळ असो, एका मनुष्याच्या हिशेबावर हजारोंचे प्राण अवलंबून असतात, हें त्या दिवशीं पुण्यानें फार मोठें मोल देऊन अनुभविलें. पुढच्याच वर्षीं, एप्रिल १९६२ मध्यें, वयाचीं शंभर वर्षें उलटल्यावर, बंगळूरास विश्वेश्वरय्या यांचें देहावसान झालें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण पुढें इंजिनिअर होतील. पुष्कळजण शेती, शिक्षकी वा इतर उद्योग करतील. परंतु मोजून मापून काम करण्याची शिस्त सर्वांनाच लागते. वर्गांत व्यास, क्षेत्रफळ व वेग यांचीं उदाहरणें सोडवितांना, हीं कोणाच्या कामास येणार, असें कित्येक मुलें विचारतात. दातर्तीच्या वाळूंत उभ्या असलेल्या त्या तरुणास हीच उदाहरणें कामास आलीं, व तीं त्यानें बरोबर सोडविलीं म्हणून पाणी पलीकडच्या तीरास चढलें. धन्यानें दिलेलें द्रव्य मातींत न पुरतां कष्टानें वाढविणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. बुद्धि हेंही तसेंच सोंपविलेलें द्रव्य आहे. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, कापणीच्या दिवसांत वा मोहाच्या हंगामांत मुलामुलींस शाळेंतून काढूं नये. आपल्या डोंगरावरील खेड्यांस पुरेल असा नळ किती व्यासाचा घ्यावा, आणि शेवटच्या टोल्यावरील शेवटच्या घरीं पाणी कसें पोंचवावें, हें गणित अजून सोडवावयाचें आहे. तें त्यांच्यापैकींच कोणी सोडवील, अशी आमची उमेद आहे.